पूर थांबवता येत नसेल तर काय करावे? कृष्णा खोऱ्याच्या अनुभवातून एक उत्तर

विचारलेला प्रश्न असा आहे : भारतात दरवर्षी कुठे ना कुठे महापूर येतोच, तो पूर्णपणे थांबवणे शक्य नसेल, तर बांध, धरणे, नदीचे खोलीकरण, पूर्वसूचना, पुनर्वसन यांपैकी कशावर देशाने भर द्यावा? मी जलसंपदा विभागात अभियंता म्हणून नोकरी केली, तिचा मोठा भाग कृष्णा-पंचगंगा खोऱ्यात गेला आणि अनेक पावसाळे पूर नियंत्रण कक्षात काढले. म्हणून या उत्तरातली बहुतेक उदाहरणे त्याच खोऱ्यातली आहेत; बिहार, बांगलादेश आणि नेदरलँड्स यांची उदाहरणे जिथे आपल्याला थेट काही शिकवतात तिथेच घेतली आहेत.

माझे मत आधीच सांगतो. ज्या उपायाने नदीला पसरायला जागा मिळते किंवा माणसाला हलायला वेळ मिळतो, त्यावर आधी पैसा खर्च व्हावा. ज्या उपायाने यांपैकी एक जरी गोष्ट घटते, तो उपाय कितीही भव्य दिसला तरी त्याची कसून तपासणी व्हावी. आपल्याकडे आजवर बहुतांशी याच्या उलट घडत आले आहे.

बांधांपासून सुरुवात करतो, कारण पूर म्हटला की लोकांची पहिली मागणी तीच असते. १९५४ मध्ये देशाचे पहिले पूरविषयक राष्ट्रीय धोरण आले, तेव्हा बिहारमध्ये नदीकाठच्या बांधांची लांबी सुमारे १६० किलोमीटर होती आणि पूरप्रवण क्षेत्र सुमारे २५ लाख हेक्टर मानले जात होते. पुढच्या चार दशकांत बांध साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पोहोचले आणि पूरप्रवण क्षेत्र ६८ लाख हेक्टरच्या वर गेले. या वाढीला इतरही कारणे आहेत, तरीही बांधांमुळे पूर आटोक्यात आला असे म्हणण्यास हे आकडे वाव ठेवत नाहीत. याचे कारण नदीच्या स्वभावात आहे. कोसी हिमालयातून प्रचंड गाळ आणते. मोकळी असताना ती तो गाळ विस्तीर्ण मैदानावर पसरवत असे, आणि दोन बांधांमध्ये कोंडल्यावर तोच गाळ पात्रात साचून तळ वर्षागणिक उंचावत गेला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे तिचा पूर्वेकडचा बांध फुटला तेव्हा पात्रात सुमारे १ लाख ४४ हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी होते, आणि तो बांध साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेला होता. म्हणजे संकल्पित क्षमतेच्या सहाव्या भागाहूनही कमी पाण्यात तो गेला आणि ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पूर पाहिलेला नव्हता त्यांच्या अंगावर नदी आली. बांधाआडच्या माणसाला नदीची सवय राहत नाही, तो घर जमिनीलगत बांधतो, होडी ठेवत नाही, आणि बांध फुटतो तेव्हा त्याच्याकडे काहीच तयारी नसते.

याचा अर्थ बांध कुठेच नकोत असा नाही. दाट वस्तीचे शहर, मोठे रुग्णालय, वीज उपकेंद्र, पाणीपुरवठ्याची यंत्रणा यांच्याभोवती बांध किंवा पूरसंरक्षक भिंत घालणे योग्य ठरते, कारण तिथे थोड्या लांबीत मोठे नुकसान टळते. संपूर्ण नदीला दोन्ही काठांनी भिंती घालणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात एका गावाचे पाणी पुढच्या गावावर ढकलले जाते.

बांगलादेशाने हाच धडा दुसऱ्या बाजूने घेतला. १९६० च्या दशकात तिथल्या नैऋत्य किनारपट्टीवर खाऱ्या पाण्यापासून शेती वाचवण्यासाठी गोलाकार बांध घालून पोल्डर, म्हणजे बांधांनी वेढलेले सखल जमिनीचे तुकडे, तयार करण्यात आले. काही वर्षे पीक उत्तम आले, पण भरतीबरोबर येणारा गाळ शेतात न पसरता नद्यांमध्ये साचला, नद्यांचे तळ आतल्या जमिनीपेक्षा उंच झाले आणि पावसाचे पाणी बाहेर निघेना. १९९० मध्ये बील डाकातिया येथे वर्षानुवर्षे पाण्यात बुडालेल्या शेतकऱ्यांनी स्वतःच बांध कापला. भरतीचे पाणी आत येऊन गाळ जमिनीवर पसरू लागला आणि ओहोटीच्या ओढीने नदीचे पात्र खोल होऊ लागले. पुढे सरकारने ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली : ठरावीक सखल भाग काही वर्षे भरतीला मोकळा सोडायचा, जमीन उंचावली की तो बंद करून दुसरा भाग उघडायचा. या काळात ज्यांची शेती पाण्याखाली राहते त्यांना भरपाई वेळेवर मिळाली नाही तर योजना मोडते, हेही तिथे दिसून आले आहे. अभियांत्रिकी बरोबर असूनही भरपाईच्या विलंबामुळे योजना फसते, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

आता धरणांकडे येतो. कृष्णा खोऱ्यात पूर आला की पहिला आरोप धरणांवर होतो आणि त्यामागची भावना मी समजू शकतो. परंतु धरण दोन परस्परविरोधी कामांसाठी वापरले जाते. पावसाळ्याअखेर ते पूर्ण भरलेले असावे अशी सिंचन, पिण्याचे पाणी आणि वीज यांची अपेक्षा असते. पुराच्या दृष्टीने मात्र ऐन पावसाळ्यात त्यात मोकळी जागा असायला हवी. या दोहोंचा मेळ जलाशय परिचालन सूचीने घातला जातो, म्हणजे कोणत्या तारखेला पातळी किती असावी हे आधीच ठरलेले असते. १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या कोयनेसारख्या धरणात ही सूची काटेकोरपणे पाळली आणि पुढच्या तीन-चार दिवसांचा पाऊस लक्षात घेऊन विसर्ग आधीच वाढवला, तर पुराचा माथा खाली आणता येतो. अडचण अशी की जुलैमध्ये पाणी सोडले आणि ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे गेले तर तोच अधिकारी दुष्काळाचा दोषी ठरतो. म्हणून त्याने सूचीप्रमाणे पाणी सोडले असेल तर त्याच्यामागे उभे राहण्याची हमी शासनाने लेखी द्यायला हवी. अन्यथा प्रत्येक जण धरण भरण्याकडेच झुकणार.

सर्वच धरणांत असा निर्णय माणसाच्या हातात नसतो, हेही लक्षात घ्यावे. पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीवरील राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. छत्रपती शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून सुरू झालेल्या या धरणावर कोल्हापूरकरांचे प्रेम आहे आणि ‘राधानगरीचे किती दरवाजे उघडले’ हा पावसाळ्यातला घरोघरचा प्रश्न असतो. पण उघडण्याची वेळ आपल्या हाती नसल्याने पंचगंगेचे पाणी चढत असतानाच नेमकी त्यात भर पडू शकते. वीजगृहातून आधीपासून पाणी सोडत राहणे हा मार्ग तिथे उरतो.

शिवाय धरणाखालच्या मुक्त पाणलोट क्षेत्रात, म्हणजे जिथले पाणी धरणात न येता थेट नदीला मिळते तिथे, पडलेल्या पावसावर कोणत्याही धरणाचे नियंत्रण नसते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फुटांची आहे. दोन्ही पुरांची जातकुळी मात्र वेगळी होती. २०१९ मध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, धरणे भरत आलेली असताना, दीर्घकाळ अतिवृष्टी झाली आणि पाणी दिवसेंदिवस उतरेना. २०२१ मध्ये धरणांत जागा शिल्लक असतानाही जुलैच्या अखेरच्या आठवड्याआधी एक-दोन दिवसांच्या पावसाने नदी झपाट्याने चढली. धरणे रिकामी ठेवली की पूर येणार नाही, ही समजूत या दुसऱ्या पुराने खोटी ठरवली.

कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाविषयी विचारले जातेच, म्हणून थोडक्यात लिहितो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा थेट दोष अलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याला, दिला नाही. या धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकच्या प्रस्तावाला कोल्हापूर-सांगलीचा विरोध आहे, आणि त्या वाढीचा परिणाम स्वतंत्रपणे अभ्यासून तो अहवाल लोकांसमोर ठेवला जावा हे माझे ठाम मत आहे. त्याच वेळी, अलमट्टीचा वाद चालू आहे म्हणून आपल्या हद्दीतील पूरपट्ट्यात भराव टाकत राहणे समर्थनीय ठरत नाही.

आणि इथेच मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो, तो जागेचा. महाराष्ट्रात नदीच्या दोन रेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला भाग निषिद्ध क्षेत्र, तिथे बांधकाम नको. निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र, तिथे अटी पाळून बांधकाम चालते. नियम स्पष्ट आहे. तरीही जिथे जिथे रेषा जाहीर झाली तिथे जमिनीचे भाव पडण्याच्या भीतीने ती सरकवण्याची मागणी झाली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण शहर बुडाले, त्यानंतर आखलेल्या रेषांना चिपळूणकरांनी केलेला विरोध मला समजतो, कारण जुनी बाजारपेठच रेषेच्या आत येते आणि पिढीजात घर दुरुस्त करायलाही परवानगी मिळणार नाही अशी त्यांना धास्ती होती. नव्या बांधकामाला बंदी आणि जुन्या वस्तीला सुरक्षित फेरबांधणीची मुभा व अर्थसाहाय्य, असा फरक नियमात स्पष्टपणे केला नाही तर कोणतेही गाव रेषा मान्य करणार नाही. केंद्राने पूरमैदान क्षेत्रनिश्चितीचा नमुना कायदा १९७५ मध्येच राज्यांना पाठवला होता. इतक्या दशकांत मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी त्यावर कायदे केले. देशाच्या पूरधोरणातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

भराव केवळ इमारतींचे नसतात. कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बेंगळुरू महामार्ग २०१९ मध्ये कित्येक दिवस पाण्याखाली राहून बंद पडला. पूरपट्टा आडवा कापणाऱ्या रस्त्याचा भराव पाण्याच्या वाटेत बंधाऱ्यासारखा उभा राहतो. त्याच्या वरच्या अंगाला पातळी वाढते आणि खालच्या अंगाला पाणी उशिरा पोहोचते. नदीवरच्या पुलाची लांबी ठरवताना फक्त नेहमीच्या पात्राचा विचार केला आणि दोन्ही बाजूंचा पूरपट्टा भरावाने बंद केला, तर पूल शाबूत राहतो आणि गावे बुडतात. असे रस्ते खांबांवर उचलून घेणे किंवा भरावात पुरेशा मोऱ्या ठेवणे खर्चिक आहे, पण दर महापुरात होणाऱ्या नुकसानीच्या तुलनेत तो खर्च परवडतो.

नेदरलँड्स हा बांधांचाच देश. १९५३ च्या समुद्राच्या पुरात तिथे १,८३६ माणसे दगावली आणि त्यानंतर त्यांनी जगातली सर्वांत मोठी सागरी संरक्षणाची कामे उभी केली. पण १९९३ आणि १९९५ मध्ये नद्या इतक्या चढल्या की दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले, तेव्हा बांध आणखी उंच करत राहण्याऐवजी त्यांनी नदीला जागा परत देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. नाइमेखेन शहराजवळ वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे सरकवण्यात आला, त्यासाठी पन्नासच्या आसपास घरे हटवली आणि मागे जास्तीच्या पाण्यासाठी नवा प्रवाहमार्ग खोदला. एका पोल्डरमध्ये शेतकऱ्यांनी स्वतःच तोडगा सुचवला : त्यांची घरे आणि गोठे उंच मातीच्या टेकाडांवर नव्याने बांधले गेले आणि उरलेली जमीन मोठ्या पुरात पाण्याखाली जाऊ देण्याचे ठरले. तिथली माणसे मोबदला वेळेवर मिळेल यावर विश्वास ठेवू शकत होती, आणि आपल्याकडे पुनर्वसन अडते ते याच ठिकाणी.

भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांच्या संगमाजवळच्या प्रयाग चिखलीचे उदाहरण पाहा. १९८९ च्या पुरानंतर गावासाठी सोनतळी येथे उंचावर जागा देण्यात आली, पण जुने गाव पूर्ण रिकामे झाले नाही, आणि २०१९ मध्ये तिथल्या लोकांना पुन्हा होड्यांतून बाहेर काढावे लागले. याला लोकांचा हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. शेत नदीकाठी, जनावरे शेताजवळ, दुधाचा धंदा जनावरांवर. नव्या जागेत गोठ्याला आणि वैरणीला जागा नाही, तर माणूस राहायला जाणार कसा? पुनर्वसनाचा आराखडा करताना घराच्या भूखंडाइतकाच गोठा, वैरण साठवण्याची जागा आणि शेतापर्यंतचा बारमाही रस्ता यांचा विचार व्हायला हवा.

खोलीकरण आणि बोगदे यांबद्दल फार लिहीत नाही. पुलाखाली किंवा अरुंद जागी साचलेला गाळ काढणे उपयोगी असते, वाशिष्ठीत तसे काम झालेही. मात्र संपूर्ण नदी खोल करण्याने पुराची पातळी फार उतरत नाही आणि खड्डे पुढच्या पुरात पुन्हा भरतात. पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या योजनांचा हिशोब वाचकांनी स्वतः करून पाहावा : एक लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालला तर ८.६४ टीएमसी पाणी वाहते, आणि दहा हजार क्युसेक वाहून नेणारा अजस्र बोगदासुद्धा दिवसाला एक टीएमसीपेक्षा कमी पाणी उचलतो. दुष्काळी तालुक्यांना त्या पाण्याचे मोल मोठे आहे आणि त्यासाठी योजना अवश्य व्हावी, पण तिच्या भरवशावर सांगलीने पूररेषा शिथिल करू नये.

दुसरा मुद्दा वेळेचा. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसे मेली, १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार, २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास आणि २०२० च्या अम्फानमध्ये काही डझन. वादळे सौम्य झाली नाहीत. १९७२ पासून उभी राहिलेली स्वयंसेवकांची फळी, गावोगावचे निवारे आणि सूचना शेवटच्या घरापर्यंत नेण्याची शिस्त यांचा हा परिणाम आहे. स्वयंसेवकांत आज निम्म्या स्त्रिया आहेत, कारण अनोळखी पुरुषाच्या सांगण्यावरून बाया घर सोडत नाहीत हे त्यांनी अनुभवातून ओळखले. जनावरांसाठी उंच मातीचे ओटे केले, कारण गाय सोडून शेतकरी निघत नाही. आपल्याकडे २०१९ मध्ये शिरोळ तालुक्यात हेच दिसले : होडी दारात आली तरी ‘जनावरं सोडून कसं यायचं’ म्हणून माणसे माडीवर बसून राहिली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे जीव गेले. पाणी गावाभोवती फिरल्यानंतर बाहेर पडणे हाच सर्वांत धोक्याचा टप्पा असतो, म्हणून माणसे आणि जनावरे दोन्ही त्याआधीच हलली पाहिजेत.

सूचना कशी द्यावी यावरही बरेच अवलंबून असते. ‘कोयनेतून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू’ हा संदेश अभियंत्याला कळतो. आपल्या अंगणात पाणी कधी येणार हे त्यातून घरातल्या म्हातारीला कळत नाही. कोल्हापूरकर मात्र राजाराम बंधाऱ्याचे फूट आणि सांगलीकर आयर्विन पुलाचे फूट अगदी बिनचूक जाणतात : इथे ३९ ला इशारा, ४३ ला धोका, तिथे ४० ला इशारा, ४५ ला धोका. किती फुटांना कोणती गल्ली बुडते हेही जुन्या माणसांना पाठ असते. या ज्ञानाला जोड देऊन प्रत्येक गल्लीत विजेच्या खांबावर रंगाने खुणा कराव्यात, आयर्विनला ४५ फूट असताना इथे पाणी कुठवर, ५० ला कुठवर, ५५ ला कुठवर. एक डबा रंग आणि लेव्हल घेणारा एक माणूस एवढ्यात गावाचे काम होते. कृष्णा खोऱ्यात पाऊस आणि पातळी तत्काळ कळवणारी स्वयंचलित यंत्रणा आहेच. तिच्यातला आकडा या खांबावरच्या खुणेशी जोडला की सूचना घरापर्यंत पोहोचली.

त्यानंतर राहतात रोजच्या जगण्याच्या गोष्टी. २०१९ मध्ये कोल्हापूर शहराभोवती समुद्र पसरला होता आणि नळाला पाणी नव्हते, कारण शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथली उपसा केंद्रे बुडाली होती. उपसा केंद्राचे मोटार-पॅनेल, रोहित्र आणि रुग्णालयातील जनित्र लाल रेषेच्या वर उचलणे हे कोणत्याही पूरयोजनेतले पहिले काम असावे, कारण खर्च थोडा आणि लाभ संपूर्ण शहराला. शेतीत, पूर्व भारतातल्या भातशेतीला स्वर्णा-सब१ सारख्या वाणाने मोठा आधार दिला. दोन आठवड्यांच्या आसपास पाण्याखाली राहूनही तो पुन्हा उभा राहतो. उसाचे तसे नाही. बुडख्यात पाणी राहिले तर ऊस तग धरतो, पण पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, गढूळ पाणी गेले की शेंडा कुजतो आणि कांड्यांना डोळे फुटून वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. नदीलगतच्या सखल पट्टीतल्या उसाची नोंद करताना कारखान्यांनी बुडीत उसाच्या तोडणीला प्राधान्य देण्याचा नियम आधीच जाहीर केला, तर शेतकऱ्याचे बरेच नुकसान वाचू शकते. ऐन हंगामात त्यावर वाटाघाटी करण्यात ऊस वाळून जातो.

मदतीचा पैसा मात्र आजही पंचनाम्याच्या गतीने येतो. पाणी उतरले, चिखल काढला, घर धुऊन काढले आणि मग तलाठी येईपर्यंत ओले धान्य जपून ठेवायचे, ही रीत आता बदलायला हवी. बांगलादेशात २०२० च्या जुलैमध्ये जमुना नदीचा अंदाज ठरावीक पातळी ओलांडणार हे दिसताच, पूर येण्याआधी, निवडलेल्या कुटुंबांच्या मोबाईलवर पैसे पाठवण्यात आले. त्यांतून लोकांनी अन्न आणि वैरण घेतली आणि जनावरे उंचावर नेली. पंचगंगेला हे सहज लागू करता येते. राजाराम बंधाऱ्याचा अंदाज ४७-४८ फुटांपलीकडे गेला की त्या पातळीला बुडणाऱ्या, आधीच नोंदवलेल्या कुटुंबांच्या खात्यात ठरावीक रक्कम जमा व्हावी, घराचा आणि पिकाचा पंचनामा नंतर सवडीने व्हावा. यासाठी लागणारी पातळीनिहाय कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीने उन्हाळ्यात करायची असते. जून उजाडल्यावर ते काम होत नाही.